सूट कशावर, आणि कुणाच्या सोयीची?



सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की तालुक्याच्या गावी दोन गोष्टी एकदम दिसू लागतात. मार्केट यार्डाबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, आणि यार्डापासून एसटी स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर 'दिवाळी धमाका', 'महाबचत', '५० टक्क्यांपर्यंत सूट' असे फलक झळकतात. हा योगायोग नव्हे. तुमची हिशोबपट्टी कोणत्या पंधरवड्यात तुमच्या हातात पडणार, हे दुकानदाराला तुमच्या आडत्याइतकेच पक्के ठाऊक असते.

आणि मग याच दिवसांत शिवारात फिरताना मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "साहेब, हरभऱ्याचे बियाणे उधारीवर कुठे मिळेल?" पट्टी येऊन आठ-दहा दिवसही झालेले नसतात. चौकशी केली तर पैसा काही व्यसनात गेलेला नसतो. घरचे कपडे झाले, टीव्ही आला, किराण्याची मोठी खरेदी झाली, आणि सगळे 'सुटीत' झाले. पण रब्बीचे बियाणे आणि खत उधारीवर आले की रोखीपेक्षा चढा भाव लागतो आणि वाण दुकानदार देईल तो घ्यावा लागतो. दिवाळीत वाचवलेले पैसे तिथे पुरते वळते होतात. म्हणून एरवी खते-औषधांविषयी लिहिणारा मी आज वाणसामानाच्या पिशवीविषयी लिहितो आहे. ही पिशवीही शेतीच्याच हिशोबात मोडते.

माझा सेलला विरोध नाही. प्रश्न एवढाच की ही सूट कुणाच्या गरजेपोटी निघाली आहे. दुकानदाराला जेव्हा माल काढण्याची गरज असते तेव्हाची सूट खरी. कापडाचेच घ्या. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नसराई थंडावते. पावसाने गिऱ्हाईक घरी बसते आणि उन्हाळ्यातल्या लग्नांसाठी भरलेला माल फळीवर पडून राहतो. त्या दिवसांत दुकानदार खरोखर भाव उतरवतो, कारण त्याला दिवाळीच्या मालासाठी जागाही हवी असते आणि पैसाही. अडचण अशी की तेव्हा आपला पैसा मातीत पेरलेला असतो. आणि दिवाळीत आपल्या हातात पैसा असतो तेव्हा दुकानदाराला कसली घाई? गिऱ्हाईक आपण होऊन चालत येते. त्या वेळची सूट बहुधा फलकावर मोठी आणि पिशवीत छोटी असते. तेव्हा मुलामुलींचे रोजच्या वापराचे कपडे, चादरी, सतरंज्या यांच्यासाठी गेल्या हंगामातले दोन-तीन हजार बाजूला राखून ते श्रावणात खर्चावेत. दिवाळीला नवे लुगडे-धोतर घ्यायचे तर हौसेने घ्यावे, पण त्याला बचत म्हणू नये.

आता 'सूट कशावर' हे पाहू. पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, बहुतेक मालाच्या बाबतीत सरकार ठरवत नाही, कंपनीच ठरवते. त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि तिच्याहून जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. ती मालाची योग्य किंमत आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. समजा, एखाद्या मोठ्या दुकानात तूरडाळीच्या पाकिटावर २२० रुपये छापले आहेत, त्यावर काट मारून १५० लिहिले आहे आणि वर '७० रुपये वाचवा' अशी चिठ्ठी आहे. तुमच्या गावचा वाणी तशीच डाळ १४५ ला देत असेल, तर वाचले किती? सूट मोजायची ती छापील किमतीवरून नव्हे, तर तुम्ही एरवी ज्या भावाने घेता त्या भावावरून. त्यासाठी घरात एक जुनी वही ठेवा. तेल, साखर, चहा, साबण, डाळ, शेंगदाणे अशा दहा-बारा जिनसांचे भाव दर महिन्याला तारखेसह टिपा. शाळेत जाणाऱ्या लेकीकडे हे काम द्या, ती ते आपल्यापेक्षा नीट करील.

अशी वही किती कामाची असते त्याचा एक दाखला देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, शांपू यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १०० रुपयांच्या मालावर पूर्वी ११८ होत, ते १०५ झाले. म्हणजे जुन्या छापील किमतीत ११ टक्क्यांची उतार नुसत्या करानेच यायला हवी होती. त्या वेळी कुणी जुन्या छापील किमतीवर '१० टक्के दिवाळी सूट' दिली असेल, तर ती सूट नव्हतीच. तुमच्याच हक्काचे पैसे कागदात गुंडाळून तुम्हाला दिले, तेही थोडे कमी करून.

कूपनाचा हिशोबही असाच करावा. '३००० च्या खरेदीवर ३०० चे कूपन' म्हटले की डोक्यात १० टक्के बसतात. पण कूपन वापरायचे पुढच्या खेपेला, तेही १५०० च्या पुढे खरेदी केली तर, आणि तेही ठरल्या तारखेच्या आत. म्हणजे एकूण ४५०० च्या मालाला ४२०० दिले. सूट झाली पावणेसात टक्क्यांच्याही आतच. शिवाय दुसऱ्या खेपेचे १५०० रुपयांचे सामान तुम्हाला खरोखर हवे होते का, हा प्रश्न उरतोच. त्यात दोघांचे जाण्या-येण्याचे भाडे, चहापाणी आणि बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी धरा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. (एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आहे, तेव्हा बाजाराला कारभारणीनेच जावे हे हिशोबाने सरळ आहे. घासाघीसही त्यांनाच चांगली जमते, हे माझे जुने निरीक्षण आहे.)

टक्क्यांच्या भाषेतही गंमत असते. 'वीस टक्के जादा' म्हणजे वीस टक्के सूट नव्हे. ५०० ग्रॅमच्या किमतीत ६०० ग्रॅम मिळाले तर सूट पावणेसतरा टक्क्यांच्या आत पडते. 'पन्नास अधिक वीस टक्के' म्हणजे सत्तर नव्हेत. हजाराचे आधी पाचशे होतात, मग त्या पाचशेवर वीस टक्के, म्हणजे चारशे द्यावे लागतात. सूट साठ टक्के. 'दोनावर एक फुकट' घेताना तिन्ही पाकिटांवरची तारीख पाहावी. महिनाभरात मुदत संपणारी तीन बिस्किटांची मोठी पाकिटे ज्या घरात दोनच लहान मुले आहेत तिथे कशाला? आणि '५० टक्क्यांपर्यंत' या शब्दातले 'पर्यंत' बारीक अक्षरात असते, पण सगळा फलक त्यावरच उभा असतो.

सर्वांत जास्त फसगत मी पाहिली ती तेलाच्या डब्यात. एका गावात महिला बचत गटाच्या बैठकीत तेलाचा विषय निघाला. दोघीजणींनी एकाच आठवड्यात डबा घेतला होता, एकीने २२५० ला, दुसरीने सेलमध्ये २१०० ला. दुसरी खुशीत होती. मी म्हटले, दोन्ही डबे आणा आणि धान्याच्या काट्यावर ठेवा. डबे न फोडलेले, दिसायला भाऊ-भाऊ. काट्यावर एक डबा दुसऱ्यापेक्षा जवळजवळ एक किलो साडेतीनशे ग्रॅम हलका भरला. "साहेब, काटा बिघडला काय?" म्हणून त्यांनी डब्यांची अदलाबदल करून पुन्हा तोलले. काटा बरोबर होता. एक डबा १५ किलोचा होता आणि दुसरा १५ लिटरचा.

तेल पाण्याहून हलके. एक लिटर खाद्यतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणून १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास तेल असते. आता हिशोब करा. २१०० ला १३.६५ किलो म्हणजे किलोला १५४ रुपयांच्या जवळ. २२५० ला १५ किलो म्हणजे किलोला १५०. दीडशे रुपयांनी स्वस्त दिसणारा डबा प्रत्यक्षात किलोमागे चार रुपयांनी महाग पडला. पिशवीचेही तेच आहे. एक लिटरची पिशवी, एक किलोची पिशवी आणि तेवढीच फुगलेली दिसणारी ८०० किंवा ८५० ग्रॅमची पिशवी शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात. पूर्वी काही कंपन्या साठ अंश तापमानाला मोजलेले आकारमान छापत. गरम तेल फुगते, त्यामुळे लिटर तेवढाच दिसे आणि तेल कमी येई. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने ही तापमानाची पुस्ती काढून टाकायला आणि लिटरबरोबर वजनही छापायला सांगितले. तेव्हा तेल घेताना लिटर विसरा आणि ग्रॅम वाचा.

चहा, बिस्किटे, साबण-पावडर अशा कित्येक वस्तूंना पूर्वी ठरावीक वजनाचीच पाकिटे करण्याचे बंधन होते. ते आता उठले आहे. त्यामुळे पाकीट जुन्याच आकाराचे, किंमत जुनीच आणि आत माल मात्र कमी, असे होऊ शकते. त्यावर उतारा म्हणून कायद्याने पाकिटावर एकक दर, म्हणजे एका ग्रॅमला, किलोला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात तो आकडा, छापायला लावला आहे. अक्षर बारीक असते, चष्मा लागतो, पण सगळ्या जाहिरातींपेक्षा तो एक आकडा खरे बोलतो. मोठे पाकीट नेहमी स्वस्त असते असेही नाही. दोन्हींचे एकक दर पाहा आणि मग हात घाला.

'बिनव्याजी हप्ते' या प्रकाराबद्दल थोडे कडक लिहितो. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते; ते कुठे ना कुठे किमतीत किंवा शुल्कात लपवलेले असते. समजा, टीव्ही रोखीने २२,५०० ला मिळतो. हप्त्याने घेतल्यास २००० रुपयांचे बारा हप्ते म्हणजे २४,००० होतात, वर फाइलचे ५०० आणि त्यावरचा जीएसटी ९०. एकूण २,०९० रुपये जास्त गेले. वर्षभर तुमच्याकडे सरासरी बाकी राहिली बारा हजारांच्या आसपास, म्हणजे व्याज पडले साधारण सतरा टक्के. वेळेवर फेडलेले पीककर्ज याच्या पाव व्याजात पडते. आणि व्याजाहूनही मोठी गोष्ट म्हणजे नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, आपले पीक नाही. दिवाळीत घेतलेल्या वस्तूचा हप्ता मे-जून महिन्यातही द्यावा लागतो, नेमका पेरणीच्या तोंडावर. घरात दुधाचा नियमित पैसा नसेल तर मासिक हप्त्याची वस्तू आणूच नये. हप्ता चुकला तर बँक आणि कंपनी दोघेही दंड लावतात.

आता खरी बचत कुठे आहे ते सांगतो, आणि ती सांगताना थोडे वाईटही वाटते. वर्षातला सर्वांत मोठा सेल आपण शेतकरीच लावतो, पीक निघाले की. तुमचा माल ज्या आठवड्यात मातीमोल जातो त्याच हंगामात दुसऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मालही पडलेल्या भावात असतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, रब्बी ज्वारी आणि मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये, सांगली-हिंगोलीची हळद त्याच सुमारास पुढे, गूळ थंडीत, भात दिवाळीनंतर. वर्षाचे धान्य, तिखट, हळद भरण्याची आपल्या आयांची जी रीत होती ती काही नुसती हौस नव्हती. आता मात्र मी अशी घरे पाहतो की ज्यांच्या शेतातली तूर फेब्रुवारीत यार्डात जाते आणि श्रावणात त्याच घरी शहरातून पाकिटातली डाळ येते, कूपनासह!

तुरीचा हिशोब मांडून पाहा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल आता कित्येक गावांत बचत गटांकडे किंवा तरुणांकडे आहे. क्विंटलभर तुरीची साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, चुनी-टरफल जनावरांना होते ते वेगळेच. समजा, तूर ७००० रुपये भावाची आणि भरडाई ८०० रुपये. ७८०० ला ७२ किलो डाळ, म्हणजे किलोला १०८ च्या आसपास. बाजारात तशीच डाळ १३० ने असेल तर किलोमागे वीस-बावीस रुपये वाचले. महिन्याला चार किलो डाळ लागणाऱ्या घरात वर्षाला हजार रुपये झाले. डाळ आपल्या शेतातली, पॉलिश नसलेली.

पण साठवण नीट हवी, नाहीतर स्वस्त घेतलेले किड्यांच्या पोटात जाईल. अख्ख्या कडधान्याला भुंगा लागतो, कारण त्याची मादी दाण्यावर अंडी घालते. भरडलेल्या डाळीला त्याचा त्रास फार कमी. म्हणून वर्षाची तूर ठेवायची तर डाळ करूनच ठेवावी. गहू-ज्वारी कडक उन्हात वाळवून, दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, आणि पुरती थंड झाल्यावरच कोठीत भरावी. गरम धान्य भरले तर आत घाम येतो आणि बुरशी धरते. कोठी आधी रिकामी करून उन्हात तापवावी, कोपऱ्यातले जुने दाणे झाडून जाळावेत. पुढच्या वर्षीची कीड तिथेच बसलेली असते.

एकट्या घराला घाऊक भाव मिळत नाही, दहा घरांना मिळतो. शहरातल्या लोकांनी हे आपल्याआधी ओळखले. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि तिने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे सामान एकत्र मागवायचे व वाटून घ्यायचे असा प्रघात पाडला. त्याला कूपन लागले नाही, फलक लागला नाही. आपल्या गावात बचत गट आहेतच, त्यांची महिन्याची बैठकही ठरलेली असते. त्याच बैठकीत तेल, साखर, शेंगदाणे, साबण यांची यादी करावी, पैसे आधी गोळा करावेत (उधारीचा व्यवहार या कामात अजिबात नको, गट त्यानेच मोडतात), आणि दोघीजणींनी तालुक्याच्या घाऊक दुकानातून साखरेचे ५० किलोचे पोते, तेलाचे डबे आणावेत. वाटप काट्यावर, सर्वांसमक्ष. गावच्या वाण्याशी भांडण करून मात्र हे करू नका. अवेळी लागणारे मीठ-मिरची तोच देतो. उलट त्यालाच विचारा, "दहा घरांचे एकदम आणि रोखीने घेतले तर काय लावाल?" पुष्कळदा तोच भाव उतरवतो आणि भाडेही वाचते.

बक्षिसांच्या कूपनाविषयी एकच सांगतो. बियाण्याच्या किंवा औषधाच्या खरेदीवर मोटारसायकलच्या सोडतीचे कूपन मिळते म्हणून वाण किंवा औषध बदलू नका. वाण जमिनीला पाहून निवडायचा असतो.

आणि कसलीही खरेदी असो, बिल घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. 'फुकट' म्हणून दिलेल्या वस्तूची किंमत आतून वसूल करणे, जाहीर केलेली भेट न देणे, सुटीची जाहिरात करून तो माल त्या भावाने विकायचाच नसणे, हेही त्यातच येते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असली तरी सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्याचे नाकारता येत नाही. तक्रारीसाठी १९१५ या क्रमांकावर फोन लावावा, मराठीत बोलता येते. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत न्यायचे झाले तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. छापील किमतीहून जास्त घेतले किंवा वजन कमी भरले तर वैधमापनशास्त्र खात्याकडे, म्हणजे आपल्या वजनमापे खात्याकडे, कळवावे. बिल नसेल तर यांतले काहीच पुढे सरकत नाही.

पुढच्या अंकात हरभऱ्याची बीजप्रक्रिया पाहू. तोपर्यंत पट्टीच्या पैशातून बियाणे, ट्रायकोडर्मा, रायझोबियम आणि एका खताच्या मात्रेचे पैसे मोजून कारभारणीकडे वेगळ्या डब्यात ठेवून द्यावेत, आणि मगच बाजाराची पिशवी उचलावी.